डाकीण प्रकरणात आधी काय: पोलिसांत गुन्हा की तलाठ्याकडे वारसनोंद?

सातपुडा_पायथा
नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे पोर तापानं दगावलं की 'हिनंच खाल्लं, ही डाकीण' म्हणून बोट अजूनही एखाद्या विधवा म्हातारीकडे जातं. माझं मत, त्याच दिवशी गुन्हा नोंदवा. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात करणीचा, रोगराई आणल्याचा, मंत्रानं गुरांचं दूध आटवल्याचा आळ घेऊन कुणाचं जगणं मुश्कील करणं हा दखलपात्र, अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५ ते ५० हजार. प्रकरण बिघडतं ते फिर्यादीत. "शेजाऱ्यांनी मारलं" एवढंच लिहिलं तर हा कायदा लागतच नाही, साधं भांडण म्हणून अदखलपात्र नोंद होते. भगतानं (गावच्या मांत्रिकानं) कुणासमोर, कोणत्या शब्दांत नाव घेतलं ते जसंच्या तसं लिहून घ्या. ठाण्यानं नाकारलं तर पोलीस अधीक्षकांना टपालानं तक्रार पाठवा.

तापीकाठ
भाऊ, बोट विधवेकडेच का जातं ते तुम्ही सोडून दिलंत. हिंदू वारसा कायदा कलम २(२) नुसार अनुसूचित जमातींना लागू नाही. विधवेचा वाटा रूढीवर, म्हणजे दीर-पुतण्यांच्या मर्जीवर राहतो. तिला गावाबाहेर काढलं की शेत मोकळं. म्हणून नवरा वारल्यावर ३ महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी द्या, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र. फेरफारावर (जमिनीच्या नोंदीतल्या बदलावर) हरकतीला १५ दिवस असतात, नंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लोक इथेच थांबतात. नवा सातबारा काढून तिचं नाव चढलं का ते बघत नाहीत. वनजमिनीचा पट्टा २००६ च्या वनहक्क कायद्यानं नवरा-बायको दोघांच्या नावे असायला हवा, तोही तपासा.

सातपुडा_पायथा
ताई, गुंठाभर जमीन नसलेल्या बायकांवरही आळ येतोच. युरोपात १५ ते १८ व्या शतकात ४०-५० हजार माणसं चेटूक केल्याच्या आळावरून मारली, त्यात तीनचतुर्थांशाच्या आसपास बायका. इंग्लंडमध्ये कितीतरी जणी दारोदार मागून खाणाऱ्या गरीब म्हाताऱ्या होत्या. तिथं खटले थांबले ते न्यायाधीश पुरावा मागू लागले तेव्हा, आणि १७३५ च्या कायद्यानं चेटूक हा गुन्हाच उरला नाही.

गिरणाकाठ
नुसत्या कायद्यानं भागत नाही, दादा. राजस्थानातल्या मेवाडात १८५३ मध्ये डाकीण ठरवून छळण्यावर बंदी आली, तरी राजस्थानला २०१५ मध्ये पुन्हा कायदा करावा लागला. मूल का गेलं याचं उत्तर घरच्यांना भगताआधी दवाखान्यातून मिळायला हवं. भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार बराच आहे. आईबाप दोघंही वाहक (दोष अंगात, पण स्वतः आजारी नाहीत) असले तर प्रत्येक खेपेला मूल आजारी निघण्याची शक्यता २५ टक्के. मग एकाच घरात दुसरं पोर आजारी पडतं आणि संशय पक्का होतो. पहिल्या आजारातच आईबाप आणि सगळ्या भावंडांची सोल्युबिलिटी चाचणी (रक्ताची पहिली, साधी तपासणी) करा. ती वाहक आणि रुग्ण वेगळे दाखवत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ताची पुढची तपासणी लागते. नुसता कागद हातात देऊ नका. घरात ज्याचा शब्द चालतो त्या आजोबाला समोर बसवून पावरीत, भिलीत समजावा.

तापीकाठ
हे पटलं. पण तपासणी झाली तरी पुतण्याचा डोळा शेतावरच राहतो. वारसनोंद मागे पडू देऊ नका.