अंबरनाथचे शिवालय हेमाडपंती म्हणावे का?

प्रश्न: तेथील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० चा असताना तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत याचे नाव या देवळाला कसे चिकटले?

उत्तर १: चुन्याविना रचलेले प्रत्येक जुने देऊळ हेमाद्रीच्या खात्यावर मांडण्याची आपली सवयच आहे. ती बांधणीची पद्धत झाली. शैली शिखरावरून ओळखावी. येथील शिखर भूमिज आहे, म्हणजे चार दिशांना पायथ्यापासून वर चढणाऱ्या नक्षीदार लता (उभे पट्टे) आणि त्यांच्यामधल्या जागेत एकावर एक ओळींनी बसवलेली, वर जाताना लहान होत जाणारी छोटी शिखरे.

उत्तर २: अंबरनाथच्या शिखराचा माथा आज शिल्लक नसल्याने ही रचना सिन्नरच्या गोंदेश्वरावर अधिक स्पष्ट दिसते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. माळव्यातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिरही याच कुळातले का?

उत्तर १: होय, ते माळव्याच्या परमार राजांचे.