कपाटात किती आणि अंगावर काय? रोजच्या कपड्यांचे अनुभव लिहा

धागाकर्ती : रंगकाम काढलंय म्हणून कपाट रिकामं केलं. तळाशी आईची इरकल सापडली, पदराजवळ विरलेली. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई होती. एसटीने जायची, फाट्यावर उतरून पुढे पायी. तिचं कपाट म्हणजे एक पत्र्याची ट्रंक. त्यात थोड्या सुती साड्या, दोन इरकल आणि सगळ्यांवर चालतील असे टू बाय टू रुबियाचे ब्लाउज, काळा, मरून, मोरपंखी. साडी घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न, "यावर खडू दिसेल का हो?" म्हणून साडीचं अंग नेहमी फिक्कट. आणि रस्त्यावरच्या चिखलासाठी काठ गडद.

मी दोन्ही वेळा लोकल, दिवसभर ऑफिस, संध्याकाळी भाजी घेऊन घरी. पण माझं कपाट उघडलं तर वाटेल ही बाई रोज रिसेप्शनला जाते. अर्ध्या साड्या आहेरातल्या, फॉल-पिकोसुद्धा न झालेल्या. अंगावर मात्र तेच चार कुर्ते, दोरीवरून थेट. आता परत भरायचं तर दिवसाकडे बघून भरणार आहे. तुमचा दिवस कसा जातो आणि कपाट त्याला कसं जुळवलंत, लिहा.

चकलीचा_सोऱ्या : खिसा. बास. बाकी काही बोलायचं नाही मला.

रेवती_ठाणे : +१ खिसा!! आमचे शिंपीकाका दर वेळी म्हणतात, "ताई, फुगतो हो, फिटिंग जातं." जाऊ दे. उजव्या बाजूच्या शिवणीत, कंबरेच्या चार बोटं खाली, मोबाइल उभा बुडेल एवढा खोल. कापड अडीच मीटर लागत असेल तर थोडं जास्तच घ्यावं. लेडीज डब्यात एक हात कडीला, एक पर्सला, मग पास काढायचा कशातून? आता सगळे कुर्ते कापड घेऊनच शिवते. ओढणी बंद केली, दारात अडकते.

डोंबिवलीफास्ट : पुरुषांनी लिहिलं तर चालेल ना? शुद्ध कॉटनचा शर्ट घालून चढलो की मुलुंडपर्यंत त्याची भेळ झालेली असते. म्हणून प्रवासात टीशर्ट, ऑफिसच्या ड्रॉवरमागे हँगरला इस्त्रीचे शर्ट. सोमवारी नेतो, शुक्रवारी मळके घरी. पँटी सगळ्या गडद, शर्ट सगळे फिके, कशावर काहीही चालतं. सकाळी डोकं लावायला लागत नाही.

चकलीचा_सोऱ्या : भेळ 😂 हसून हसून पुरेवाट

आंबोळी : रत्नागिरीहून. तुम्ही लोक घामाचं बोलताय, आमच्याकडे वाळण्याचं बोला. जून ते सप्टेंबर जीन्स माळ्यावर. ती धुतली की गॅसच्या शेजारी दोरी बांधूनही ओलीच, वर कुबट वास. पावसाळ्याचा वेगळा कप्पाच केलाय. पातळ सिंथेटिक कुर्ते, पोटरीपर्यंतच्या लेगिंग, रबरी चपला. टर्किश टॉवेल बंद, सगळ्यांना पंचे. पंचा सकाळचा संध्याकाळी वापरता येतो. कातडी पट्टे, पर्सा, सगळ्याला बुरशी.

माईआजी : रेशमी साड्यांत डांबराच्या गोळ्या टाकू नका गं, जरीचे धागे काळे पडतात. वेखंडाचे तुकडे मलमलच्या पुरचुंडीत बांधून ठेवा. आणि घड्या बदलत जा, नाहीतर घडीवरच विरते. आमच्या वेळी हे सांगावं लागत नसे.

आंबोळी : हो माई. वेखंड आणते. तुमचा गुडघा कसाय?

माईआजी : आहे तसाच. जिना नको म्हणतो.

काळी_माती : आमच्याकडं बायका शेतात जाताना साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालतात, पाहिलंय का? उसाचं पान हात कापतं आणि वरून ऊन. फाटक्या कॉलरचा शर्टही टाकायचा नाही, त्याला आमच्याकडं मागणी. मी स्वतः द्राक्षबागेत असतो. फवारणीचे कपडे वेगळे, धुणंही वेगळं, ते घरातल्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. लग्नाचा एक ड्रेस आहे. तो दहा वर्षं पुरंल, पोट वाढलं नाही तर.

डोंबिवलीफास्ट : साहेब पोटाचं बोलायचं नव्हतं ठरलेलं.

टोरांटोची_मधुरा : घाईत लिहितेय. इथे पहिल्या हिवाळ्यात एकच जाड जाकीट घेतात सगळे, पण बसमध्ये आणि मॉलमध्ये हीटिंग असतं, आत घाम फुटतो. पातळ थरावर थर हवेत, काढता-घालता येतील असे. अंगालगत सुती नको, घाम धरून ठेवतं आणि बाहेर पडलं की गारठा. लोकरीचं किंवा सिंथेटिक थर्मल घ्यावं. साड्या फक्त मंडळाच्या गणपतीला निघतात. बाकी नंतर लिहिते, मुलाला आणायचंय.

धोटा : धागाकर्तीसाठी. इरकलीचा पदर अंगाला शिवलेला नसतो. अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, आणि पदराचा ताणा फासे घालून एकमेकांत गुंतवलेले असतात, टोपपदर म्हणतात तो हाच. अंग सुती आणि पदर रेशमाचा असला तर जोडाशीच ताण येतो. घरी टाके घालू नका, चांगल्या रफूवाल्याला दाखवा. पिळू नका, ब्रश नको. आणि ती कपाटात ठेवण्यापेक्षा नेसा. इरकल म्हणजे इळकलची साडी, कर्नाटकात बागलकोटकडची, मुळात रोज नेसायचीच.

धागाकर्ती : धन्यवाद धोटा! हे माहीतच नव्हतं. रफूवाला शोधते. आहेराच्या साड्यांचं काय करायचं पण?

रेवती_ठाणे : कुर्ते शिव. साडी साडेपाच मीटर, दोन आरामात निघतात. काठ गळ्याला आणि बाहीला.

माईआजी : पुढच्या आहेरात द्या. सगळे तेच करतात. फक्त जिच्याकडून आली तिलाच जाऊ नये एवढं बघा.

चकलीचा_सोऱ्या : माई 🙏🙏

आंबोळी : बोहारीण येते का अजून कुणाकडे? गठ्ठा पडलाय.

रेवती_ठाणे : येते, पण जीन्स घेत नाही म्हणते. जरीची साडी दाखवली की लगेच पिशवी उघडते. मागच्या वेळी एवढ्याशा पातेल्यासाठी अर्धा तास घासाघीस.

काळी_माती : सुती साड्या बोहारणीला देऊ नका ओ, गोधडी शिवून घ्या. सिंथेटिकची गोधडी रात्री अंगावरून घसरती.

आंबोळी : शिवणार कोण? आमच्याकडच्या मावशी आता डोळ्याचं कारण सांगतात. रेवती, पातेल्यावर झाकण दिलं का तिने?

रेवती_ठाणे : झाकणाला अजून एक साडी मागत होती.