'कुपीत' म्हणजे कोपणं? आवरा!

खडूस_काका: काल इथे कुणीतरी ठोकून दिलं की रशियन 'कुपीत', म्हणजे विकत घेणे, संस्कृत 'कुप्'वरून आलं, कारण भाव ऐकून गिऱ्हाईक कोपतं. वाचून मीच कुपित झालो. अहो, आद्य-स्लाव्ह लोकांनी, म्हणजे रशियन वगैरेंच्या पूर्वजांनी, तो शब्द जर्मानिक शेजाऱ्यांकडून उचललाय. बिशप वुल्फिलाने ४थ्या शतकात गॉथिक या जुन्या जर्मानिक भाषेत केलेल्या बायबलात 'काउपोन' आहे, धंदा करणे. जर्मन 'काउफेन' त्याच घरातला. मागे लॅटिन 'काउपो', खाणावळवाला. स्लाव्ह तोंडात 'आउ'चा 'ऊ' झाला, संपलं.

मॉस्को_रिटर्न: ती पोस्ट माझीच. ६ वर्षं तिथे काढलीत, थंडीत बटाट्यांसाठी रांगा लावल्यात. दोनला द्वा, तीनला त्री, अग्नीला आगोन्य. आणि नेमकं खरेदीलाच जर्मन आडवा आला?

खडूस_काका: द्वा-त्री जुळतात कारण पणजोबा एक. म्हणून गल्लीतलं प्रत्येक पोर आपलंच का?

पेठेतली: रशियाचं सोडा, आपलं बघा! खरेदीखत, खरेदी-विक्री संघ, जिथे तिथे फारसी 'खरेदी'. बाबांनी जमिनीच्या कागदावर 'क्रयपत्र' लिहिलं तर कारकुनाने तो परत केला, वर म्हणाला मराठीत लिहा.

निवांत: ताई, फारसी 'खरीदन' आपल्या संस्कृत 'क्री'चा, म्हणजे विकत घेणे, चुलतभाऊच आहे, तिकडे 'क्र'चा 'ख्र' झाला एवढंच.

पेठेतली: चुलतभाऊ असला म्हणून काय झालं, वाटण्या कधीच झाल्यात.

सातारी_मिरची: मग 'विकत घेणे' म्हणा की. 'विकणे' थेट संस्कृत 'वि-क्री'च्या वंशातलं. पैसे आपण मोजायचे आणि क्रियापद दुकानदाराचं, भारीये राव.

पेठेतली: तुम्हाला चेष्टा सुचतेय, बाबा तीन चकरा मारून आले.

मॉस्को_रिटर्न: काका, विषय बदलला म्हणून सुटलात असं समजू नका. जर्मन भेटेपर्यंत स्लाव्ह लोक काही विकत घेतच नव्हते का?

खडूस_काका: घेत होते. जुन्या रशियनमध्ये 'क्रेनुति' होतं, विकत घेणे, आपल्या 'क्रीणाति'चं सख्खं नातलग. ते मेलं, उसनं टिकलं.

मॉस्को_रिटर्न: म्हणजे संस्कृतशी नातं निघालंच! मी काय वेगळं बोलत होतो?

खडूस_काका: वेगळ्याच शब्दाबद्दल बोलत होतात!! बरं, घ्या अर्धा मार्क, दिवाळी आहे असं समजतो.

पेठेतली: मग आता त्या कारकुनाला 'क्रेनुतिपत्र' देऊ का?