कमेंटमध्येच सुटलेल्या प्रश्नाचं तुम्ही काय करता? अनुभव लिहा

स्टॅक ओव्हरफ्लो, आस्क उबुंटू, टेक्सवाली साइट, अशा प्रश्नोत्तरांच्या साइटवर जिथे कुठे तुमचा वावर असेल तिथला अनुभव चालेल. प्रकार सगळ्यांना माहीत आहे. कुणीतरी प्रश्न टाकतं, खाली कमेंटमध्ये एका ओळीत कुणी उपाय सांगतं, विचारणारा 'झालं, थँक्स' म्हणतो आणि गायब होतो. साइटच्या लेखी मात्र प्रश्न अनुत्तरितच. माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे भांडायला बरं: कमेंटवर काम झालं तरी उत्तराच्या जागी उत्तर लिहिलं गेलं पाहिजे, मग ते कुणी का लिहीना.

माझ्यापासून सुरुवात. झीलाटेकमध्ये (टेक्सच्या घराण्यातली पानं जुळवायची प्रणाली) मराठी पुस्तिका करत होते. फाँट व्यवस्थित, पीडीएफही निघाली, पण 'किल्ला' लिहिलं की पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसायची आणि ल चा पाय मोडलेला दिसायचा. प्रश्न टाकला तर कमेंट आली, 'फाँटस्पेकला स्क्रिप्ट=देवनागरी दिलंय का?' (फाँटस्पेक म्हणजे तिथलं फाँट निवडायचं पॅकेज.) बास, एवढंच. दिलं आणि जोडाक्षरं जागेवर आली. मी त्या माणसाला टॅग करून म्हटलं, हेच उत्तर म्हणून टाका, हिरवी टिक (उत्तर मान्य केल्याची खूण) देते. काही हालचाल नाही. थोडं थांबले आणि मग स्वतःच लिहिलं, त्याचं नाव घेऊन, चालणारी छोटी फाइल जोडून, आणि पर्याय न दिल्यावर अक्षरं का तुटतात तेही (फाँटमध्ये जोडाक्षरांचे नियम असतातच, पण कुठली लिपी ते सांगितल्याशिवाय ते लागू होत नाहीत). कम्युनिटी विकी केलं, म्हणजे गुण मला मिळणार नाहीत. स्वतःच्या उत्तराला टिक करायला २ दिवस थांबावं लागतं, ते थांबले.

आता तुम्ही.

डीटीपीवाली_सांगली
मी प्रोग्रॅमर नाही, टायपिंगचं काम करते, पण हा धागा माझ्यासाठीच आहे असं वाटलं. नव्या मशीनवर उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टिम आली आणि 'तऱ्हा', 'सुऱ्या' काही केल्या टाइप होईना, रफारच डोक्यावर जाऊन बसायचा. शोधलं तर नेमका हाच प्रश्न कुणीतरी आधी विचारलेला! उडीच मारली मी. उत्तरं शून्य. खाली कमेंट होती 'शिफ्ट वापरून बघा' आणि विचारणाऱ्याचं 'जमलं, आभारी आहे'. अहो, शिफ्ट कशाबरोबर? मग एकेक की दाबत बसले. इनस्क्रिप्ट कीबोर्डमध्ये शिफ्ट आणि 'जे'ची की दाबली की नुक्ता असलेला ऱ येतो, मग डी म्हणजे हलंत, मग यू म्हणजे ह. झाला 'ऱ्ह'. य हवा असेल तर शेवटी स्लॅशची की. मी खातं उघडून ते उत्तर तिथे टाकलं. अजून कुणीतरी येऊन आभार मानतं, त्यात एक गुजरातीवाला पण होता, त्याला कशाला हवा होता ऱ देव जाणे.

जुना_खोडकर
आता दुसरी बाजू ऐका, कारण ती एका ओळीची कमेंट टाकणारा माणूस मी आहे. आम्ही आळशी म्हणून तिथे लिहितो असं नाही. प्रश्न अर्धा असतो, एरर पूर्ण दिलेली नसते, माझा नुसता अंदाज असतो. तो उत्तर म्हणून टाकला आणि चुकला तर धडाधड मायनस येतात, कमेंटला मायनस देताच येत नाही. शिवाय बसमध्ये मोबाइलवर कोण चार परिच्छेद लिहिणार. माझा अंदाज बरोबर निघाला तर माझ्याच शब्दांत कुणीही उत्तर टाकावं, गुण खुशाल घ्यावेत, मला काडीचं वाईट वाटत नाही. बहुतेक जुन्यांचं असंच आहे, फक्त आम्हाला विचारायला लोक उगाच लाजतात.

आणि गंमत बघा, नव्या माणसाला दुसऱ्याच्या प्रश्नावर कमेंट करायला ५० गुण लागतात पण उत्तर द्यायला १ गुण पुरतो. म्हणजे नवखे शंका विचारायला उत्तराच्या जागेत घुसतात आणि आम्ही जाणते उत्तर कमेंटमध्ये कोंबतो. सगळा उलटा कारभार!

रिव्ह्यूरांगेतला
धागाकर्तीशी अर्धवट सहमत. प्रत्येक सुटलेल्या प्रश्नाला उत्तर लिहायचं म्हणजे कचरा जपायचा. मी रिव्ह्यूच्या रांगेत (जिथे आम्ही इतरांचे प्रश्न तपासतो) रोज बघतो, कुणाचा कंस राहिलेला, कुणी व्हॉट्सअ‍ॅपवरून कोड उचललाय आणि साधी अवतरणचिन्हं जाऊन वळणदार आलीत, त्यामुळे पायथन ओरडतंय. कमेंटमध्ये एकजण दाखवतो, दुसरा 'अरे हो' म्हणतो, संपलं. यातलं कंसवालं पुढच्या कुणाला सापडणारही नाही आणि उपयोगीही पडणार नाही, त्यासाठी 'टायपो, पुन्हा घडत नाही' असं बंद करायचं कारण आहेच, तेच मत देतो. वळणदार चिन्हांचं मात्र वेगळं, ते शेकडो जणांना छळतं, त्याला आधीच्या चांगल्या प्रश्नाचा डुप्लिकेट म्हणून जोडून द्यावं. मी एकच बघतो, हीच एरर गूगलमध्ये टाकून दुसरा कुणी इथे येईल का?

धागाकर्ती
@रिव्ह्यूरांगेतला, टायपोबाबत मान्य. डुप्लिकेटचं सुचलं नव्हतं, हे बरं झालं.

पुसलेली_पाटी
कमेंटचा भरवसा धरू नका एवढंच सांगते. मी एक उपाय बुकमार्क करून ठेवला होता, परत गेले तर कमेंटच नाही, साफसफाईत उडाली. नियमाने कमेंट तात्पुरतीच धरतात. प्रश्नसुद्धा जातात हां! वर्षभर कुणी उत्तर दिलं नाही, गुण शून्य, बघणारे कमी आणि कमेंट एखादीच असेल तर साइट आपोआप काढून टाकते. त्या एका कमेंटमध्ये उत्तर असलं तरी.

सर्वरवाला
माझं थोडं लांबेल. संस्थेच्या सभासद यादीत सगळी मराठी नावं '?????' अशी दिसायला लागली. डेटाबेस मायएसक्यूएल. सापडलेल्या प्रश्नाखाली कमेंट: 'कॅरॅक्टर सेट बदल.' विचारणारा: 'वर्क्ड!' कॅरॅक्टर सेट म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, पण आता कुणाचा बदलायचा, टेबलचा की कनेक्शनचा? आणि जी नावं आधीच प्रश्नचिन्हं होऊन साठलीत त्यांचं काय? त्याबद्दल अवाक्षर नाही. माझं काम टेबल आणि कनेक्शन दोन्ही यूटीएफ८एमबी४ केल्यावर झालं. नुसतं जुनं यूटीएफ८ ठेवलं तरी मराठी साठते, कारण देवनागरी अक्षर ३ बाइटचं, पण कुणी नावापुढे इमोजी टाकला की तो ४ बाइटचा, तिथे गाडी अडते. जुनी नावं परत येत नाहीत, प्रश्नचिन्ह साठलं म्हणजे मूळ अक्षर गेलंच, बॅकअप हाच उपाय. आमची कागदी नोंदवही होती म्हणून निभावलं.

हे सगळं मी त्या प्रश्नाखाली उत्तर म्हणून लिहिलं. मूळ विचारणारा परत कधी आला नाही, त्यामुळे टिक नाही, पण मतं पडलीत आणि मतं पडलेलं उत्तर आलं की प्रश्न अनुत्तरितच्या यादीतून निघतो, टिक असो नसो.

डीटीपीवाली_सांगली
@सर्वरवाला, एक्सेलमध्ये सीएसव्ही उघडल्यावर मराठीचा कचरा होतो तेही हेच का?

सर्वरवाला
नाही ताई, ते वेगळं. तिथे डेटा शाबूत असतो, एक्सेलला नुसतं कळत नाही की फाइल यूटीएफ-८ आहे. सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा, पायथनमधून काढत असाल तर एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. आणि हे वेगळा धागा काढून विचारा, तिथे नीट लिहितो, इथे कुणाला सापडणार नाही.