'शुगर असते ना, तसंच हे' : या वाक्यानं खरंच बरं वाटतं का?

रातवा: चार वर्षांपूर्वी डिप्रेशनचं निदान झालं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "शुगर असते ना, तसंच हे. मेंदूतलं केमिकल कमी पडतंय." घरी हेच सांगितलं आणि बाबांचं 'आळशी झालायस' त्या दिवसापासून बंद झालं. तेवढे उपकार मान्य. पण मग माझ्याच डोक्यात बसलं की आपला मेंदूच डिफेक्टिव्ह. बढतीची जागा निघाली, मी अर्जही केला नाही. केमिकल थोडंच बदलणार आहे! २०१३ साली मानसशास्त्रज्ञ हॅस्लम आणि सहकाऱ्यांनी बरेच प्रयोग एकत्र तपासले, त्यातही हेच निघालं: कारण जैविक म्हटलं की लोक दोष कमी देतात, पण 'हा काही बरा होत नाही' असं जास्त धरून चालतात. डॉक्टरांनी हे वाक्य सोडावं.

तिरफळ: साफ असहमत. माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. पहिली तीन वर्षं देवऋषी, अंगारे, अमावास्येच्या वाऱ्या. नातेवाईक आईला ऐकवायचे, तुमच्याच घराण्याचं काहीतरी राहिलंय. 'आजार आहे, गोळी आहे' एवढ्यावर ती माउली सुटली. तुम्हाला बोचतं म्हणून ते वाक्य काढलंत, तर आमच्याकडे देवऋषी परत येईल.

बांधावरून: दोन महिने शेतात राबा, कुठलं डिप्रेशन राहतंय बघू.

शेवटचा_डबा: @बांधावरून, विदर्भातले शेतकरी राबत नव्हते म्हणून गेले का?
बाकी 'सेरोटोनिन (तेच ते मेंदूतलं केमिकल) कमी म्हणून डिप्रेशन' हे सोपं गणित २०२२ च्या मोठ्या आढाव्यात टिकलं नाही. म्हणजे गोळ्या निरुपयोगी असं नव्हे. कृपा करून धागा वाचून कुणी गोळ्या सोडू नका. आणि लाज काही वाक्यानं जात नाही हो. मला सगळी थिअरी पाठ आहे, तरी स्ट्रिप फाडून गोळ्या कॅल्शियमच्या बाटलीत भरते. परवा गुडघे दुखतात म्हणून सासूबाई त्यातली एक घेणार होत्या!

रातवा: तिरफळ, देवऋषीचं पटलं. पण आई सुटली म्हणालात. भाऊ?

तिरफळ: विचारलं नव्हतं कधी. आत्ता जेवताना विचारलं. म्हणाला, "बाधेपेक्षा आजार बरा. पण आमटी खारट झाली म्हणून चिडलो तरी आई विचारते, गोळी घेतलीस का?" आमटी खारटच होती, मीही खाल्ली होती. वाक्य मी सोडणार नाही, पण आईशी बोलतो.

रातवा: @शेवटचा_डबा, त्या बाटलीवर आधी नाव घाला.

शेवटचा_डबा: घातलं. 'कॅल्शियम, फक्त माझं.'