उतारावरची भीती: सवय की सावधपणा?
सायकलवरून उतरताना वाटणारी उतारावरची भीती सवयीने जाते आणि सर्व वेगवान खेळांत तसेच घडते, असे एक मत आहे; ते मला अर्धेच पटते. मोटोजीपी या मोटारसायकल शर्यतींच्या स्वारांना २०१८ पासून एअरबॅगचा सूट सक्तीचा आहे, स्कीइंग शर्यतींच्या उतारांना कडेने जाळ्या असतात. सायकलस्वाराच्या अंगावर मात्र ताशी ८० किलोमीटरलाही पातळ लायक्राचे घट्ट कपडे आणि हेल्मेट एवढेच असते, आणि व्यावसायिक शर्यतींत हेल्मेटही २००३ मध्ये, सायकलपटू आंद्रेई किविलेव्हच्या शर्यतीतील अपघाती मृत्यूनंतरच सक्तीचे झाले. चोर्ला घाटातून गोव्यातल्या केरीकडे उतरताना एखाद्या वळणाच्या आतल्या अंगाला तांबड्या मातीचा बारीक थर दिसतो, जो पहिल्या पावसात साबणासारखा निसरडा होतो. तिथे भीती वाटत नसेल, तर तो आत्मविश्वास नव्हे, बेफिकिरी आहे. खरी अडचण भीती हातांत उतरली की सुरू होते, कारण मग कोपरे ताठरतात, नजर कठड्यावर खिळते आणि नेमका वळणातच पुढचा ब्रेक करकचून दाबला जातो. म्हणून वेग वळणाआधीच कमी करावा, बाहेरच्या पेडलवर भार द्यावा आणि नजर वळण जिथे संपते तिथे ठेवावी. सरळ उतारावर सायकल थरथरू लागलीच, तर हँडल आवळण्याऐवजी गुडघा फ्रेमच्या वरच्या नळीला टेकवून हळूहळू वेग उतरवावा.