रोपवेच्या पुलीचा रबर लायनर – बनवू की कंपनीकडून मागवायला सांगू? अर्जंट

हिंगणा_मोल्डिंग:
आमचं एमआयडीसीत रबर मोल्डिंगचं वर्कशॉप आहे. गिऱ्हाइकानं रोपवेच्या पुलीची रबर रिंग (लायनर) आणून दिली, तशाच पाहिजेत म्हणतो. काम घ्यावं का? की मूळ कंपनीकडून मागवा म्हणून सांगू? विदेशी कंपनीला विचारायचं कसं? सोमवारपर्यंत कळवायचं आहे, लवकर सांगा.

मेकॅनिकल_दादा:
माल वाहणारा की माणसांचा? दोरीचा व्यास? दोरीला पकडणारी ग्रिप फिक्स्ड की स्टेशनात दोरी सोडणारी? काहीच लिहिलं नाही भाऊ.

बुटीबोरी_पीयू:
रबर कायले? पीयू (पॉलियुरेथेन) टाका. खाणीच्या कन्व्हेयरवर आमचे रोलर मस्त चालतात. नागपूरच्या उन्हात रबर टिकत नाही.

मेकॅनिकल_दादा:
कन्व्हेयरचा पट्टा रुंद असतो. इथं सगळा भार दोरीच्या अरुंद रेघेवर येतो, दर फेरीला तिथंच दाबतं. जाड पीयू आतून तापून सुटतं.

बुटीबोरी_पीयू:
ग्रेड बरोबर घेतला तर नाही सुटत. मी देतो सॅम्पल.

हिंगणा_मोल्डिंग:
रिंग बाहेरून ४०० मिमीच्या आसपास. पुली गिऱ्हाइकाकडे आहे. दोरीचं माहीत नाही. मापं तर मी घेऊ शकतो, मग अडचण काय?

टॉवर_फिटर:
मी प्रवासी रोपवेवर काम केलं आहे. अडचण मापाची नाही. लायनर दोरीचा धक्का पितो आणि तिला खोबणीत धरून ठेवतो. तो एका बाजूनं झिजला की दोरी पुलीच्या लोखंडी कडेला घासते, पुढे उतरूही शकते. रबराचा कडकपणा, चिकटपणा, खोबणीचा आकार सगळं उत्पादक ठरवतो. पुलीवर किंवा ड्राइव्ह स्टेशनवर प्लेट असेल. उत्पादकाचं नाव, वर्ष, अनुक्रमांक, तिन्हींचा फोटो काढा.

हिंगणा_मोल्डिंग:
प्लेट घासली आहे, फक्त 'इटली' वाचता येतं. गिऱ्हाईक म्हणतो, हा रोपवे विदेशातल्या बर्फाच्या डोंगरावरून जुना आणला होता. माणसांचाच आहे, खुर्च्यांचा.

टॉवर_फिटर:
हे आधी सांगायचं होतं! इटलीत लाइटनर ही रोपवे बनवणारी कंपनी आहे, स्टर्झिंगला. फ्रान्सची पोमा त्याच समूहात. पण नुसत्या 'इटली'वरून नाव ठरवू नका, तिथं इतरही बनवणारे होते. चौकशी गिऱ्हाइकालाच करू द्या, खरेदीचे कागद त्याच्याकडे असतील.

नितीनभाऊंचा_चाहता:
सरकारच्या पर्वतमाला योजनेत किती रोपवे येत आहेत! बनारसला शहरात, कँट ते गोदौलिया, पावणेचार किलोमीटर. विदर्भात हे सुटे भाग बनायलाच पाहिजेत.

मेकॅनिकल_दादा:
बनावेत, पण उत्पादकाच्या ड्रॉइंगवर आणि चाचणी करून. धागा भरकटवू नका.

टॉवर_फिटर:
@हिंगणा_मोल्डिंग, ही रिंग काढलेल्या पुलीवर आता काय बसवलं आहे? रोपवे बंद आहे ना?

हिंगणा_मोल्डिंग:
विचारलं. चालू आहे. त्या पुलीवर जुनीच एक रिंग चढवली म्हणे.

टॉवर_फिटर:
मग सोमवारची वाट पाहू नका. आत्ता फोन करा, तपासणी होईस्तोवर माणसं बसवू नका म्हणावं. नंबर व्यनि (खाजगी निरोप) करतो, गिऱ्हाइकाशी मी बोलतो.